पाठमोरा आवाज

हलिमाला स्वप्नात ऐकू यायचं. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. झहीरला सांगायची म्हणजे त्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आणि कर्जतच्या बाजारात झहीरच्या दुकानात निघालेली गोष्ट दिवस मावळायच्या आत दहिवलीचा पूल ओलांडते.

स्वप्न दर वेळी तेच. पळसदरीच्या धरणाचा बांध, बांधावर सकाळचं धुकं आणि पुढे चाललेली तिची लेक नमिरा. पाठमोरी. कधी ती दप्तर घेतलेली लहानगी असायची, कधी आत्ताएवढी मोठी. चालता चालता बोलायची, मागे वळायची नाही, आणि हलिमाला मागून शब्दन् शब्द ऐकू यायचा. काय ऐकलं ते जाग आली की पुसून जायचं, आवाज तेवढा उरायचा. बारीक, नाजूक, शब्दाच्या शेवटी किंचित थरथरणारा. तो उराशी धरून हलिमा दिवसभराची कामं उरकायची.

जागेपणी असले लाड नव्हते. जागेपणी नमिराचं तोंड समोर लागायचं, त्यावर उजेड लागायचा आणि तोंडात घास असून चालायचं नाही. मग हलिमा ओठांवरून सगळं वाचायची, आणि इतक्या झरझर की नव्या माणसाला वाटावं, या बाईच्या कानांना काय धाड भरलीय!

तसे ते कान जन्माचे बहिरे नव्हते. खालापूरच्या माहेरी हलिमा तिखट कानांची म्हणून बदनाम होती. मागच्या दारी कुणी कुजबुजलं तर हिला पुढच्या दारी कळायचं. लग्न होऊन ती कर्जतला आली आणि पहिल्याच वर्षी मोठ्या तापाने आडवी झाली. जीव वाचला, कान गेले. त्यानंतर नमिरा झाली. नर्सने बाळ हातात दिलं तेव्हा ते जिवाच्या आकांताने रडत होतं, आणि हलिमाला नुसती लाल टाळू आणि थरथरणारी जीभ दिसत होती. कान गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. माझ्या लेकीचा आवाज कसा असेल, हा विचार त्या दिवशी तिच्या मनात शिरला आणि मग नमिरा तेविशीची झाली तरी तो काही बाहेर पडला नाही.

कानात तार बसवायचं ऑपरेशन असतं, हे झहीर कितीतरी दिवस तिच्या मागे लागून सांगत होता. हलिमा हात झटकायची. या वयात डोक्याला भोक कोण पाडून घेणार? पण यंदा नमिराचं लग्न ठरलं. मुलगा तल्हा, शांत, सालस, नोकरीला दोह्यात. निकाहनंतर थोड्याच दिवसांत नमिरा त्याच्यासोबत जाणार होती. मोबाइलवर चेहरा दिसला असता, ओठ दिसले असते. पण ते तर हलिमा जन्मभर बघत आली होती. तिला आवाज हवा होता, आणि लेक घरात आहे तोवर हवा होता. एके दिवशी भाकऱ्या थापता थापता ती झहीरला म्हणाली, "करून टाका काय ते."

इस्पितळात हर्षला नावाची तरुण बाई होती, कानांच्या मशीनचं तीच बघायची. तिने कागदावर शंखासारखं वेटोळं काढून दाखवलं. कानाच्या आतला हा शंख. त्यातले आवाज पकडणारे बारीक केस मेलेत, पण मेंदूकडे जाणारी नस जिवंत आहे. शंखात एक तार सरकवायची, तिच्यावर राईहून लहान इलेक्ट्रोड. बाहेर कानामागे मशीन राहील. ते आवाज पकडेल, केसांवर चुंबकाने चिकटणारी चकती तो आत पाठवेल, आणि आतली तार नसेला हलकासा करंट देईल.

झहीरचा जन्म जळालेल्या मोटारी भरण्यात गेलेला. शेतकऱ्यांचे पंप, घरातले मिक्सर, शाळेतले पंखे, सगळं त्याच्याकडे यायचं. त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे वाइंडिंग जळलंय, पण लाइन जिवंत हाय!"

"साधारण तसंच, काका," हर्षला हसली. मग हलिमाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "पण एक लक्षात ठेवा. सुरुवातीला माणसांचे आवाज माणसांसारखे वाटणार नाहीत. सगळे एकाच पत्र्याच्या डब्यात बसून बोलतायत असं वाटेल. तोंड दिसल्याशिवाय कोण बोलतंय ते कळणार नाही. हळूहळू मेंदू शिकतो. घरातल्यांनी भरपूर बोलायचं, बस."

ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि जानेवारीच्या एका सकाळी हर्षलाने मशीन चालू केलं. नमिरा यायला हवी होती, पण ती शिकवायची त्या शाळेचं त्याच दिवशी स्नेहसंमेलन, आणि पोरांचे नाच हिच्याच गळ्यात. तेव्हा समोर एकटा झहीर. आधी हलिमाला वाटलं, कुणीतरी डोक्यात वाटाणे सांडतंय. मग वाटाण्यांना लय आली. झहीरचे ओठ 'हलिमा' म्हणाले आणि वाटाणे ह-लि-मा असे पडले. झहीर हुंदके देऊन रडायला लागला.

"रडू नका," हलिमा म्हणाली, "रडण्याचा आवाज लई वंगाळ येतोय."

ती घरी आली ती तरंगतच. नमिरा दारातच उभी होती, संमेलनाची पावडर अजून तोंडाला होती. तिने दोन्ही हातांनी आईचे खांदे धरले आणि तिचे ओठ हलले, "अम्मी, आयकू येतंय का गं?"

हलिमा थांबली. पंखा फिरत होता, त्याची किरकिर येत होती. स्वयंपाकघरात कुकर फुसफुसत होता. झहीरच्या चपला पायरीवर वाजत होत्या. नमिराचे ओठ पुन्हा हलले, "अम्मी?" आणि काहीच आलं नाही. त्या ओठांपाशी पूर्वीसारखीच शांतता होती. नमिराचे डोळे काठोकाठ भरले होते. त्या डोळ्यांपुढे 'नाही' म्हणायची छाती हलिमाला झाली नाही. "येतंय गं, येतंय," ती म्हणाली आणि लेकीला पोटाशी धरलं.

पुढचे दिवस मोठे अजब गेले. लग्नाची धावपळ एकीकडे आणि हलिमा भलतीकडेच. चालता चालता मध्येच थबकायची. धान्य निवडताना सुपातले दाणे बोलतायत म्हणून हात थांबवायची. कशाला आवाज असतो आणि कशाला नसतो, हे ती विसरून गेली होती. पहाटे दार उघडून अंगणात उभी राहिली की नदीवरून धुकं यायचं, घरं झाकत झाकत जवळ यायचं, आणि ती कान देऊन वाट बघायची. एवढं मोठं काहीतरी येतंय म्हणजे आवाज होणारच. धुकं तिच्या अंगावरून जायचं, पापण्या ओल्या व्हायच्या, ऐकू मात्र काही यायचं नाही. उलट चिमूटभर मीठ पातेल्यात पडलं तर ते ऐकू यायचं. तव्याला आवाज, चंद्राला नाही. झाडूला आवाज, सावलीला नाही. खोपोलीची गाडी दूरवर शिटी द्यायची ती कधी कधी गाडी निघून गेल्यावर हलिमाच्या लक्षात यायची, कारण आधी तिला ते घरातलंच कायसं वाटायचं. दिवस असा अर्धा जागा, अर्धा झोपेत जायचा, आणि तिला तो आवडत होता. अपराधी वाटावं इतका आवडत होता.

कारण या सगळ्यात एक जागा रिकामी होती. झहीरचा आवाज यायचा. शेजारच्या मोतीबाईचा तर कुंपणापलीकडून यायचा. दूधवाला, भाजीवाली, सगळे डब्यात बसून का होईना, बोलत होते. फक्त नमिराचे ओठ हलायचे आणि मशीन गप्प.

हलिमाने त्याचं उत्तरही स्वतःच शोधून काढलं होतं. काही बारीक आवाज सुरुवातीला निसटतात, असं हर्षला म्हणाली होती. स्वप्नातला तो आवाज किती बारीक! चाळणीतून रवा गळावा तसा तो मशीनमधून गळून जात असणार. दोष कुणाचाच नाही. लेकीचा आवाजच इतका नाजूक. या विचाराने तिला रडूही यायचं आणि मनातून थोडा अभिमानही वाटायचा, आता काय म्हणावं या बाईला!

तपासणीला गेली तेव्हा हर्षलाने सहज विचारलं, "मुलीचा आवाज कसा वाटला?"

"लई ग्वाड," हलिमा म्हणाली. झहीरने खुशीत मान डोलावली.

एव्हाना झहीरच्या बहिणीची मुलगी मिस्बाह महाडहून मदतीला येऊन राहिली होती. पोरगी कामसू, पण लाजाळू. मामीसमोर आली की मान हलवून हो-नाही करायची. मात्र रात्रीचं जेवण झालं की दोघी पोरी आतल्या खोलीत जायच्या आणि तिथून एक आवाज यायचा. जाडा, घोगरा, एकदम भसाडा. हसायला लागला की भिंतीवर आपटायचा. नमिरा तर बोलली तरी ऐकू येत नाही, तेव्हा हा आवाज मिस्बाहचाच, हे सांगायला कोण कशाला हवं? समोर तोंड न उघडणारी पोर आत जाऊन एवढी खिंकाळते, याचं हलिमाला नवल वाटायचं. नाजूक आवाजाच्या आपल्या लेकीला हा दणदणाट सहन करावा लागतो म्हणून जीवही तुटायचा.

एकदा दोघी स्वयंपाकघरात असताना तिने नमिराजवळ विषय काढलाच. स्वतःचा आवाज किती मोठा निघतो याचा हलिमाला अंदाज राहिला नव्हता, त्यामुळे ते सगळं पडवीत लसूण सोलत बसलेल्या मिस्बाहनेही ऐकलं. "त्या मिस्बाहला जरा सांग गं. बाईमाणसाचा आवाज असा असतो का? खरवडलेलं पातेलं नुसतं! आयकलं की माझ्या मशीनला पण शिसारी येते."

नमिरा हातात चमचा धरून तशीच उभी राहिली. मग तिचे ओठ हलले, "सांगते, अम्मी."

आणि खरंच, त्या दिवसापासून आतल्या खोलीतला आवाज बंद झाला. पोरगी ऐकणारी आहे, हलिमाला बरं वाटलं.

निकाहच्या आधीच्या रविवारी मोतीबाईने आपल्या शेतावर पोपटी लावली. नमिरा आता परदेशी जाणार, तिथे कुठली पोपटी? भात कापून झालेल्या खाचरात वालाला शेंगा लागल्या होत्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. ऊन उतरलं, धूर खाचरावर आडवा पसरला. मोतीबाईने ओंजळीत पाणी घेऊन मडक्यावर शिंपडलं. पोपटी शिजली की नाही ते अशा वेळी कानांनीच ओळखायचं असतं.

"चर्र झालं! आयकलंस गं, हलिमा?" मोतीबाई ओरडली.

हलिमाने ऐकलं होतं. तो आवाज इतका स्पष्ट, इतका जिवंत आला की तिच्या अंगावर काटा आला. तिने जाळापलीकडे पाहिलं. तिथे नमिरा उकिडवी बसली होती, तोंडावर जाळाचा तांबडा उजेड होता, आणि आईकडे बघत तिचे ओठ काहीतरी म्हणत होते. वालाच्या शेंगेचं सुद्धा ऐकू येतं मला, हलिमाच्या मनात आलं, आणि हिचं नाही. हिचं ऐकल्याशिवायच ही जाणार. धुराचं निमित्त करून तिने डोळे पुसले.

निकाहच्या आदल्या दुपारी हळद होती. घर बायकांनी भरलेलं, ढोलकीवर गाणी चाललेली. हलिमाच्या मशीनमध्ये नुसता गलका माजला होता, पण काढून ठेवायला मन होत नव्हतं. नमिरा पिवळे कपडे घालून पाटावर बसली होती. पहिली हळद आईची. हलिमाने वाटीत हात बुडवला, लेकीच्या गालांना लावली, कपाळाला लावली, मग मान जरा वर करून गळ्याला लावायला लागली.

नमिराचे ओठ हलले, "थंड हाय गं, अम्मी."

हलिमाचा हात जागच्या जागी थांबला. कान गेल्यावर तिने आवाज हातांनी ओळखायला शिकून घेतलं होतं. झहीरच्या पाठीवर हात ठेवला की तो बोलतोय की घोरतोय ते तिला कळायचं. ढोलकी कुठल्या ठेक्यात आहे ते जमिनीवरच्या तळव्याला कळायचं. आणि आत्ता तिची बोटं लेकीच्या गळ्यावर होती, लेक बोलत होती, आणि गळा हलत नव्हता.

"परत बोल," हलिमा म्हणाली.

"काय बोलू?" ओठ म्हणाले. गळा शांत.

तेवढ्यात मिस्बाहच्या पायाचा धक्का लागून तेलाची वाटी कलंडली. नमिराने झटकन मान वळवली, "मिस्बाह, अगं वाटी बघ!" आणि हलिमाच्या बोटांखाली गळा गुणगुणला. त्याच क्षणी डोक्यात आवाज उमटला. जाडा, घोगरा, भसाडा. खरवडलेल्या पातेल्याचा. बोटं आणि कान दोन्ही एकच गोष्ट सांगत होते.

हलिमाला वाटलं, आपण पुन्हा स्वप्नात आहोत. गाणं चाललं होतं, बायका हसत होत्या, सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं. आवाज बारीक नव्हता. मशीन बिघडलं नव्हतं. पोरीला आवाज होता, घर दणाणून टाकेल असा होता, आणि तो ती सगळ्या जगाला द्यायची; तेव्हा तिचं तोंड तिकडे असायचं, म्हणून डब्यातला तो आवाज कुणाचा ते हलिमाला कळलंच नव्हतं. फक्त आईकडे तोंड केलं की तो विझायचा.

तिने हळदीने माखलेल्या हाताने नमिराचं मनगट धरलं आणि तिला उठवून सरळ मागच्या पडवीत नेलं. "तू माझ्याशी मुक्यानं बोलतेस?"

नमिराने खाली पाहिलं. मग वर पाहिलं, आणि सवयीप्रमाणे तोंड उजेडाकडे केलं. "लहान होते ना, तेव्हापासनं," तिचे ओठ म्हणाले. "अब्बांना तू आयकायचीस तेव्हाची सवय, ते मोठ्यानं बोलतात. मला नाय जमायचं. तुला आयकू येत नाय आणि मी मोठ्यानं बोलायचं, म्हंजे रोजेदारापुढं बसून जेवल्यासारखं वाटायचं. मग सवयच लागली. मला कळत पण नव्हतं गं. त्या दिवशी तू मिस्बाहचं बोललीस, तेव्हा कळलं."

"मग सांगायचंस ना!"

"काय सांगू? शाळेतली पोरं पण मला बेडकीण म्हणतात. मला वाटलं, तुला नाय आवडला तर राहू दे. जाईपर्यंत ओठांवर भागवू."

आणि हे सगळं ती सांगत होती तेसुद्धा आवाजाशिवाय. हलिमाने हळदीचाच हात आपल्या तोंडावर मारून घेतला. "जळो माझी जीभ! अगं, मला ग्वाड आवाज नको, मला तुझा पायजे. भसाडा तर भसाडा, माझ्या पोटचा हाय. बोल. आत्ता बोल. अम्मी म्हण."

नमिराने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. ओठांनी 'अम्मी' केलं. शांतता. तिने पुन्हा प्रयत्न केला, डोळे मिटून केला, मुठी आवळून केला. आवाज बाहेर येईना. समोर आई असली की जिथून आवाज निघतो ते दारच सापडत नव्हतं तिला. "येत नाय," ओठ म्हणाले, आणि पोर रडायला लागली, तेही न वाजता.

आतून बायका हाका मारत होत्या. मायलेकी तोंडं पुसून परत गेल्या. दोघींच्या तोंडावर हळद पाहून बायकांना वाटलं, मागे जाऊन खेळल्या.

संध्याकाळी झहीर मांडवाची वायर ओढत होता, तिथे हलिमा त्याला गाठायला गेली. "नमिरा माझ्याशी आवाज न काढता बोलते, हे तुमाला ठाऊक होतं?"

"हे काय विचारणं झालं?" झहीर चकित होऊन म्हणाला. "पयल्यापासनं तशीच बोलते की. मी म्हटलं, तुमा दोघींची रीत असंल."

हलिमाला कपाळ बडवून घ्यावं की हसावं ते कळेना. घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं, म्हणूनच कुणी पाहिलं नव्हतं. ती घरात गेली. उद्या निकाह, परवा पाठवणी. त्या रात्री तिला कसलंच स्वप्न पडलं नाही.

निकाहच्या दिवशी बाहेर मांडवात पुरुष आणि आतल्या खोलीत बायका. नवरीची परवानगी घ्यायला वकील आत येतो, सोबत दोन साक्षीदार असतात, आणि तीनदा विचारायची रीत. वकील म्हणून हलिमाचा भाऊ नदीम खालापूरहून आला होता, कडक इस्त्रीचा सदरा घालून, घाम पुसत. नमिरा पलंगावर बसली होती, लाल ओढणी पार हनुवटीखाली ओढलेली. चेहरा दिसत नव्हता, ओठ दिसत नव्हते. हलिमा तिच्या शेजारी बसली आणि तिच्या लक्षात आलं, आज आपल्याला वाचायलाही काही नाही. आज जे यायचं ते कानांनीच येईल, नाहीतर येणार नाही. चकती जागेवर आहे ना, हे तिने दोनदा चाचपून पाहिलं.

नदीमने घसा खाकरून नाव, मेहर सगळं रीतसर म्हटलं आणि विचारलं, "कबूल हाय का, बेटा?"

ओढणी किंचित हलली. मान हलली असावी. "हो म्हणाली, हो म्हणाली," बायका कौतुकाने म्हणाल्या. नवरी लाजली, अजून काय हवं? हलिमाला बायकांचा गलका ऐकू आला. त्याखाली काही नव्हतं.

नदीमने दुसऱ्यांदा विचारलं, "कबूल हाय?"

खोली थांबली. ओढणीखाली कुणीतरी मोठा श्वास घेतल्याचं ऐकू आलं. ओढणीच्या आतून आई दिसत नसते. आणि मग, बायका दचकून मागे सरकतील एवढ्या मोठ्या, घोगऱ्या, जाड्या आवाजात नमिरा म्हणाली, "अम्मी, कबूल हाय!"

कोपऱ्यात आडवी झालेली कालची ढोलकीवाली बाईसुद्धा उठून बसली. आत्या लागणारी एक फुफी 'तोबा' म्हणून गालावर हात मारून घेऊ लागली. नदीम गोंधळला. साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिलं. "अगं, अम्मीला नाय," नदीम वाकून म्हणाला, "मला सांगायचं. हां, शेवटचं विचारतो. कबूल हाय का?"

"कबूल हाय, मामू," ओढणीतला आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "पण अम्मीला आयकू आलं का, ते आधी बघा."

सगळी खोली हलिमाकडे वळली. हलिमाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. हा आवाज तिने कधी कल्पिलेला नव्हता. स्वप्नातल्याशी याचा काडीचा संबंध नव्हता. त्यात झहीरचा जाडेपणा होता, शाळेत पोरांवर ओरडून बसलेला घसा होता, आणि 'अम्मी' म्हणताना शेवटच्या 'म्मी'वर तो जरा जास्तच रेंगाळत होता. इतक्या वर्षांत तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"आलं गं," ती म्हणाली. "आयकू आलं."

नदीमने सुटकेचा श्वास टाकला, साक्षीदारांना खूण केली आणि बाहेर जायला वळला. हलिमाने त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"नदीम, अजून एकदा विचार."

"अगं ताई, तीनदा झालं. बाहेर काजीसाहेब खोळंबलेत."

"खोळंबू देत. विचार तू."

नदीमने बहिणीकडे पाहिलं. मग घाम पुसून तो परत पलंगापाशी आला आणि त्याने विचारलं.